उभी गाडी जास्त बिघडते

रायपूरच्या महाराष्ट्र मंडळात एखाद्या कार्यक्रमाला गेलो की चहाच्या वेळी कोणीतरी हटकून विचारते, "अजून तीच गाडी का?" या प्रश्नात थोडे कौतुक असते, थोडी कीवही असते. केंद्र सरकारच्या सेवेत तीन दशके काढलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस पंधरा वर्षांहून जुन्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या एका उंच, खडबडीत गाडीतून उतरतो, हे अनेकांना काटकसरीपेक्षा हट्टाचे लक्षण वाटते. घरातूनही "अहो, निवृत्त व्हायच्या आधी तरी एक नवी घ्या" हा धोशा आहेच. मी दरवेळी हसून वेळ मारून नेतो. खरे उत्तर लांबलचक आहे. त्यातला अर्धा भाग माझ्या गाडीविषयी आहे आणि अर्धा एका सरकारी गाडीविषयी, जिची आठवण मला आजही बोचते.

गाडी बनवणाऱ्या कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. या लेखात गाडीचे काही दोष यायचे आहेत आणि त्यांतले बहुतेक कंपनीचे नसून माझे आहेत.

गाडी मार्च २०१० मध्ये नागपुरात घेतली. नंबर एमएच-३१चा. २०१७ साली रायपूरला बदली झाली आणि आम्ही तेलीबांध्यात राहायला आलो. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला पुढचे प्रकरण समजावून सांगायला नको. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी आधीच्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणायचे, नव्या राज्यात कर भरायचा आणि जुन्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागत बसायचे. २०२१ मध्ये 'बीएच' मालिका सुरू झाली आणि आमच्यासारख्या बदलीच्या नोकरदारांचा हा त्रास पुष्कळ कमी झाला. पण माझी गाडी त्याआधीच सीजी-०४ झाली होती. मार्च २०२५ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण झाली. तपासणी होऊन आणखी पाच वर्षांसाठी नूतनीकरण झाले. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालेले आहे, तेही भरले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गाडीला २०३० पर्यंत आयुष्य आहे.

यंत्राच्या दृष्टीने मात्र ती २०१८ सालीच संपायची होती, आणि त्याला कारण मी होतो.

रायपूरला आल्यावर कार्यालयाची गाडी मिळाली. शहरातले अंतरही फारसे नाही. त्यामुळे माझी गाडी जवळजवळ दहा महिने कडुनिंबाखाली उभी होती. रायपूरचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. तो संपूर्ण उन्हाळा तिने तिथेच काढला. दर रविवारी मी इंजिन पाच मिनिटे सुरू करून बंद करीत असे आणि आपण गाडीची निगा राखत आहोत अशा समजात परत घरात येत असे. पुढच्या ऑगस्टमध्ये आम्ही सहकुटुंब धमतरीच्या पुढे एका स्नेह्यांच्या शेतावर गेलो. परतताना लाल चिखलात मागची चाके फिरू लागली. चारही चाकांचा दांडा ओढला, तर तो हलेचना. शेवटी ट्रॅक्टर बोलावून गाडी बाहेर काढावी लागली. ज्या एका गुणासाठी जास्त पैसे मोजून ही गाडी घेतली होती, तोच गुण गरजेच्या वेळी हजर नव्हता.

तेलीबांधा तलाव आता 'मरीन ड्राइव्ह' म्हणून ओळखला जातो. संध्याकाळी तिथे फिरणाऱ्यांची गर्दी असते आणि ८२ मीटर उंचीच्या स्तंभावरचा तिरंगा दुरून दिसतो. त्या झगमगाटापासून थोडे आत, एका गल्लीत, माझ्या मिस्त्रीचे पत्र्याचे गॅरेज आहे. त्याने गाडी वर उचलली, खालून बॅटरीचा उजेड टाकला आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाला, "साहब, ये गाडी चलने से नहीं, खडी रहने से बिगडी है."

मग त्याने एकेक गोष्ट दाखवली. अशा गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, ट्रान्सफर केस. दांडा ओढला की ती पुढच्या धुऱ्यालाही फिरवण्याची ताकद देते. कोरड्या डांबरी रस्त्यावर हे काम करायचे नसते, कारण वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि मधल्या दांड्यांवर ताण येतो. म्हणून बहुतेक मालक वर्षानुवर्षे तो दांडा ओढतच नाहीत. मग आतल्या सरकणाऱ्या भागांवरचे तेल निथळून जाते, गंज चढतो, पुढच्या चाकांचे हब जाम होतात. रबरी बूट उन्हाने तडकतात, त्यांतून चिखल शिरतो. डिफरन्शियलचे ऑइल त्याने बशीत काढून दाखवले; ते दुधाच्या कॉफीसारखे झाले होते. पूर्वी कधीतरी ओढ्यातून गेलो असताना पाणी आत शिरले होते आणि नंतर ऑइल बदलायचे मी विसरलो होतो. ब्रेकचे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, गाडी चालो वा न चालो. ते दर दोन वर्षांनी बदलावे लागते. रबर किलोमीटर मोजत नाही, दिवस मोजते. आणि माझे ते दर रविवारचे पाच मिनिटांचे इंजिन? "उससे तो और नुकसान होता है," मिस्त्री म्हणाला. इंजिन पुरते तापायच्या आत बंद केले की आत ओलावा साठतो, बॅटरीही खर्च होते आणि पुन्हा भरत नाही.

त्या दिवसापासून एक वही केली. महिन्यातून एकदा गाडी चाळीस-पन्नास किलोमीटर नीट चालवायची आणि तलावापलीकडच्या कच्च्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर चारही चाके लावायची. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना ठरलेल्या वेळी ग्रीस द्यायचे. पाण्यातून गेलो तर त्याच आठवड्यात तिन्ही पेट्यांचे ऑइल बघायचे. टायर बदलायचे तर चारही सारख्या मापाचे आणि सारख्या झिजेचे. प्रत्येक काम तारीख, किलोमीटर आणि खर्चासह वहीत लिहायचे. त्यानंतर गाडी रस्त्यात एकदाही अडली नाही असे म्हणणार नाही, दोनदा अडली. पण दोन्ही वेळा का अडली ते वहीत आधीच लिहिलेले होते. मीच ते पुढे ढकलले होते.

वाचकहो, मिस्त्रीचे ते वाक्य ऐकताना मला खरे तर माझ्या गाडीपेक्षा दुसरीच एक गाडी आठवत होती.

पुष्कळ वर्षांपूर्वी विदर्भातील एका जिल्ह्यात मी एका कार्यालयाचा प्रमुख होतो. आमची माणसे दूरच्या गावांत जाऊन घरोघरी माहिती गोळा करीत. त्यासाठी चारही चाकांची एक सरकारी गाडी होती, नऊ-दहा वर्षांची. दर महिन्याला चालक लॉगबुक माझ्यापुढे ठेवी. किती किलोमीटर, किती डिझेल, सरासरी किती, एवढे पाहून मी सही करीत असे. शेवटचा रकाना 'शेरा' असा असे. तो वाचल्याचे मला आठवत नाही.

मध्ये एकदा दुरुस्तीचा प्रस्ताव आला होता. रक्कम साधारण साडेअकरा हजार रुपये. मी तो परत पाठवला: "दर वाजवी असल्याचे प्रमाणित करावे." तो पुन्हा आला. मी पुन्हा परत पाठवला: "मागील दुरुस्तीचा तपशील जोडावा." दोन्ही शेरे नियमाला धरून होते, आजही कोणताही लेखापरीक्षक त्यांवर बोट ठेवू शकणार नाही. दरम्यान मार्च संपला, तरतूद व्यपगत झाली, आणि नव्या वर्षात नवी दरपत्रके मागवायची होती. ती मागवली गेली नाहीत.

ऑगस्टमध्ये तिघांचे पथक त्या गाडीने जंगलातल्या एका गावी निघाले. वाटेत नाला होता. पाणी घोट्याइतके असताना गाडी आत घातली. मधोमध मागची चाके वाळूत रुतली आणि पुढची चाके लागेनात. वर कुठेतरी पाऊस झाला होता. अर्ध्या तासात पाणी वाढले. चालकाने तिघांना हात धरून बाहेर काढले. अंधारात दोन-अडीच किलोमीटर चालत जाताना पथकातले ज्येष्ठ सहकारी घसरून पडले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. ते निवृत्तीपर्यंत काठी घेऊन कार्यालयात येत. क्षेत्रकामाला पुन्हा कधी गेले नाहीत. तीन आठवड्यांचे भरलेले तक्ते पाण्यात गेले.

मी चालकाला कारणे दाखवा नोटीस काढली. 'पाण्याचा अंदाज न घेता निष्काळजीपणे शासकीय वाहन नाल्यात घातल्याबद्दल' अशी तिची भाषा होती आणि ती मी स्वतः सुधारून घेतली होती. दुसऱ्या दिवशी तो लॉगबुक घेऊन माझ्या खोलीत आला. काही न बोलता त्याने पाने उलटून दाखवली. 'फ्रंट एक्सल लागत नाही.' 'हाउसिंगमधून ऑइल गळते.' 'फ्रंट एक्सल लागत नाही, दुरुस्ती व्हावी.' सात महिने, सात शेरे. प्रत्येकाच्या खाली माझी सही.

"साहेब, मी तं दर महिन्याले लिवलं होतं," तो म्हणाला. "तुमची सही बी आहे त्याच्यावर."

नोटीस मी मागे घेतली. वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात 'अचानक आलेल्या पुरामुळे' असे लिहिले. ते खोटे नव्हते. पूर मुळात आलाच होता. पण त्या सात सह्यांविषयी मी एक अक्षर लिहिले नाही. प्रकरण नस्तीबंद झाले. हे आज लिहीत आहे ते कोणी क्षमा करावी म्हणून नव्हे. अशा घटना प्रशासनात वाईट माणसांमुळे घडतात असा आपला समज असतो. इथे वाईट कोणीच नव्हते. सगळे नियमाप्रमाणे चालले होते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी नंतर या गोष्टीचा बराच विचार केला. आपल्या सरकारी हिशेबाची पद्धत प्रामुख्याने रोखीची आहे. पैसा गेला की खर्च लिहिला जातो. खाजगी उद्योगाच्या ताळेबंदात दरवर्षी यंत्राचा घसारा दाखवावा लागतो. यंत्र झिजते आहे हे मालकाला कागदावर दिसत राहते. सरकारी कार्यालयाच्या खर्चात घसारा असा रकानाच नाही. त्यामुळे दुरुस्तीचे साडेअकरा हजार खर्च म्हणून दिसतात आणि दुरुस्ती न केल्याने झालेले नुकसान कुठेच दिसत नाही. उलट न खर्चलेली रक्कम बचत म्हणून मिरवते. गाडी गॅरेजमध्ये पडून असताना भाड्याच्या गाडीवर झालेला खर्च दुसऱ्या लेखाशीर्षाखाली जातो. ही दोन्ही पाने शेजारी ठेवून कोणी पाहत नाही. माझ्या सहकाऱ्याची मांडी तर कोणत्याच लेखाशीर्षात बसत नाही.

केन्स यांनी १९३६ सालच्या आपल्या विख्यात ग्रंथात 'वापराचा खर्च' ही कल्पना मांडली. यंत्र वापरल्यामुळे त्याच्या मूल्यात किती घट झाली हे मोजायचे, तर ते न वापरता ठेवले असते तर त्याचे मूल्य किती राहिले असते याच्याशी तुलना करावी लागते. पण त्यात एक बारकावा आहे, जो एम.ए.ला असताना माझ्या ध्यानात आला नव्हता: न वापरता ठेवलेल्या यंत्रावरही देखभालीसाठी काही खर्च करावा लागेल, असे केन्स यांनी हिशेबात धरले आहे. तेलीबांध्याच्या मिस्त्रीने तीच गोष्ट एका वाक्यात सांगितली. यंत्र उभे ठेवणे फुकट नसते.

आपल्या देशात तर स्वतंत्र भारताच्या पहिल्या गाजलेल्या आर्थिक वादाचा विषयच जुन्या चारचाकी-चालनाच्या गाड्या हा होता. १९४८ साली काश्मीरची लढाई चालू असताना लंडनमधील आपल्या उच्चायुक्तालयामार्फत सैन्यासाठी जीप घेण्याचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार झाला. गाड्या नव्या नव्हत्या, दुरुस्त करून द्यायच्या होत्या. बरीचशी रक्कम आगाऊ दिली गेली. प्रत्यक्षात १५५ जीप भारतात पोचल्या आणि त्या वापरण्याजोग्या नसल्याचे आढळले. संसदेत वर्षानुवर्षे वाद झाला आणि १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद केले. दोष कोणाचा, या वादात मी पडत नाही. मला त्यातली प्रशासकीय शिकवण महत्त्वाची वाटते: जुन्या यंत्राची किंमत त्याच्या पत्र्यात नसते, त्याच्या इतिहासाच्या खात्रीशीर नोंदीत असते. ती नोंद नसेल तर तुम्ही गाडी घेत नसता, नशीब घेत असता.

हीच गोष्ट जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली सिद्धान्तरूपाने मांडली आणि पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे उदाहरण जुन्या मोटारींच्या बाजाराचेच होते. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सरसकट कमी भाव देतो. म्हणून चांगली गाडी असलेला मालक बाजारात येतच नाही. शेवटी बाजारात रद्दी उरते. त्यावर उपाय एकच, विश्वास ठेवता येईल अशी माहिती. माझी साधी वही ही तशी माहिती आहे. त्या चालकाचे लॉगबुकही तशीच माहिती होते. फरक इतकाच, की ते वाचायचे ज्याचे काम होते त्याने ते वाचले नाही.

आता पंधरा वर्षांच्या नियमाकडे येतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचना काढली. तिच्यानुसार १ एप्रिल २०२३ पासून केंद्र, राज्ये, महापालिका, पंचायती, राज्य परिवहन उपक्रम, सार्वजनिक उपक्रम आणि स्वायत्त संस्था यांच्या पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठीची चिलखती व अन्य विशेष वाहने तेवढी वगळली आहेत. बाकीची नोंदणीकृत केंद्रात भंगारात काढायची. खाजगी मोटारीला मात्र पंधरा वर्षांनंतर तपासणीत उत्तीर्ण झाल्यास पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मिळते. म्हणजे माझी गाडी आणि त्याच महिन्यात घेतलेली तशीच सरकारी गाडी यांपैकी माझी २०३० पर्यंत रस्त्यावर राहू शकते. सरकारी गाडी कितीही उत्तम स्थितीत असली तरी २०२५ मध्येच संपते.

अनेक सहकाऱ्यांना हा अन्याय वाटतो. मला तसे वाटत नाही. मला ती एक कबुली वाटते. सरकार जणू सांगत आहे की आमच्या गाड्यांची स्थिती आम्हाला ठाऊक नाही, आमच्या नोंदींवर आमचाच विश्वास नाही, म्हणून आम्ही दिनदर्शिकेवर विसंबतो. माझा तेव्हाचा अनुभव ध्यानात घेता ही कबुली प्रामाणिक आहे. शिवाय जुन्या वाहनांच्या विरोधात दोन मुद्दे असे आहेत की ज्यांना देखभाल हे उत्तर नाही. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांत डिझेल गाडीच्या धुरातील सूक्ष्मकणांची मर्यादा जुन्या मानकांपेक्षा कित्येक पटींनी कडक आहे. मी माझ्या इंजिनाची कितीही सेवा केली तरी ते त्या पंक्तीत बसणार नाही. आणि माझ्या गाडीत हवेच्या पिशव्या नाहीत. २०१९ नंतर चालकासाठी आणि २०२१ पासून नव्या मॉडेलांत शेजारच्या प्रवाशासाठीही त्या सक्तीच्या झाल्या. म्हणूनच रोजच्या शहरी जाण्यायेण्याला मी ती गाडी काढत नाही आणि नातवंडे झाली की त्यांना महामार्गावर तिच्यातून नेणार नाही. जुन्या वस्तूवर प्रेम असावे, पण तिची मर्यादा नाकारू नये.

परंतु नियमाचा एक परिणाम मला काळजीचा वाटतो. पंधराव्या वर्षी सगळ्यांनाच भंगारात जायचे असेल, तर अकराव्या वर्षापासून दुरुस्ती कशाला करायची, असे कोणत्याही कार्यालयप्रमुखाला वाटणारच. मग गाडी पंधरा वर्षे चालत नाही; दहा वर्षे चालते आणि पाच वर्षे उभी राहते. दुर्गम भागातल्या आरोग्य पथकाला, वनरक्षकाला, सर्वेक्षकाला नेमकी त्या शेवटच्या पाच वर्षांतली गाडी वाट्याला येते, कारण नवी गाडी आली की ती मुख्यालयात राहते आणि जुनी खाली सरकते. रस्ता जितका वाईट, गाडी तितकी जुनी, हा आपल्या प्रशासनाचा अलिखित नियम आहे. तो मोटार वाहन कायद्यात कुठे सापडणार नाही.

खाजगी मालकाने काय करावे, याचे गणित त्या मानाने सोपे आहे. माझ्या वहीप्रमाणे गेल्या पाच वर्षांत दुरुस्ती-देखभालीवर वर्षाला सरासरी ३४ हजार रुपये गेले. तशीच नवी गाडी १५ लाखांची धरली आणि आयकरात प्रचलित असलेला १५ टक्के घसारा लावला तर पहिल्याच वर्षी तिचे मूल्य सव्वादोन लाखांनी घटते. शिवाय पंधरा लाखांवरचे सात टक्के व्याज धरले तर आणखी एक लाख पाच हजार. आजवर गाडीवर किती ओतले हा प्रश्न विचारायचाच नाही; तो पैसा गेला. पुढच्या वर्षी ती किती मागेल, आणि रस्त्यात अडली तर माझे किती नुकसान होईल, एवढेच पाहायचे. ज्या वर्षी ही बेरीज नव्या गाडीच्या वार्षिक खर्चाला ओलांडील, किंवा मिस्त्री "साहब, चेसिस गल गया" म्हणेल, त्या दिवशी मी तिला निरोप देईन. त्यात हळवेपणा नको.

सरकारी कार्यालयांसाठी मला चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. त्यांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही.

एक, लॉगबुकातील 'शेरा' या रकान्यासमोर आणखी एक रकाना असावा: 'काय कार्यवाही केली आणि कोणत्या तारखेला'. तो कोरा असेल तर महिन्याची सही करता येऊ नये. सही म्हणजे 'पाहिले' असा अर्थ राहू नये. 'वाचले आणि उत्तर दिले' असा व्हावा.

दोन, वाहनाच्या सुरक्षिततेशी संबंधित छोट्या दुरुस्त्यांसाठी, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि ज्या भागात लागतात तिथे पुढचा एक्सल, ठरावीक रकमेपर्यंतचा अधिकार गाडी वापरणाऱ्या पथकाच्या प्रमुखालाच असावा. दरपत्रकांची छाननी नंतर करावी. पुराचे पाणी तिसऱ्या दरपत्रकासाठी थांबत नाही.

तीन, सामान्य वित्तीय नियमांनुसार स्थावर आणि टिकाऊ मालमत्तेची वर्षातून निदान एकदा प्रत्यक्ष पडताळणी करायची असते. आपण ती 'वस्तू आहे' एवढ्यापुरती करतो. यादीवर बरोबरची खूण होते आणि पुढची वस्तू. वाहनाच्या बाबतीत पडताळणी म्हणजे ते चालवून पाहणे. चारही चाकांची गाडी असेल तर चिखलात नेऊन दांडा ओढणे.

चार, बदलीच्या वेळी कार्यभार देताना-घेताना प्रत्येक वाहनाच्या प्रलंबित दुरुस्त्यांची यादी दोन्ही अधिकाऱ्यांच्या सहीने जोडावी. आपण नवी गाडी आणली हे सांगायला प्रत्येक अधिकाऱ्याला आवडते. किल्ली देतानाचे छायाचित्र निघते. जुनी गाडी चालू स्थितीत पुढच्याच्या हवाली केली याचे छायाचित्र निघत नाही. निदान कागद तरी निघावा.

हे सगळे लिहिताना माझ्यापुढे गाडी हे निमित्त आहे, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. ग्रामीण रुग्णालयातील जनित्र, गावच्या नळयोजनेचा पंप, शाळेच्या छताचा पत्रा, यांची कहाणी वेगळी नाही. उभारणीच्या दिवशी फीत कापायला माणसे असतात. ग्रीस द्यायच्या दिवशी कोणी नसते. परदेशी किंवा परप्रांती राहणाऱ्या मराठी मंडळींना गावाकडे काही देणगी द्यावीशी वाटते, तेव्हा माझी एकच विनंती असते: नवे यंत्र देण्याआधी तिथे जुने एखादे उभे आहे का, आणि ते का उभे आहे, हे विचारा. पुष्कळदा ते चालू करायला फार थोडे लागते.

तो चालक काही वर्षांपूर्वी निवृत्त झाला. मागे नागपूरला गेलो होतो तेव्हा, रायपूरहून भंडाऱ्यामार्गे जवळजवळ तीनशे किलोमीटर याच गाडीने, त्याची भेट घेतली. चहा झाल्यावर तो गाडीपाशी आला, सवयीने खाली वाकून पुढच्या एक्सलखाली हात फिरवला आणि बोटे पाहिली. कोरडी होती.

"लागते का हो साहेब, फ्रंट?" त्याने विचारले.

"लागते," मी म्हणालो. "दर महिन्याला लावून पाहतो. लिहूनही ठेवतो."

त्याने मान हलवली. त्या जुन्या प्रकरणाविषयी तो काही बोलला नाही. बोलायला हवे होते ते मी. तेव्हाही बोललो नाही. म्हणून आज इथे लिहिले.